कमाटीबागेचं संग्रहालय संध्याकाळी उघडं हवं

टोकियोहून आलेला माणूस उएनो पार्कचं कौतुक करताना थकत नाही. चेरीचा बहर, तळं, संग्रहालयं, प्राणिसंग्रहालय, सगळं एकाच बागेत! ते प्राणिसंग्रहालय 1882 चं. बडोद्याच्या कमाटीबागेतलं त्याहून तीन वर्षांनी जुनं, 1879 चं.

बागही 1879 चीच. सयाजीरावांना राज्याधिकार मिळाले 1881 साली. तोवर कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. पण विश्वामित्रीकाठच्या या बागेला खरा अर्थ दिला तो महाराजांनी. 1894 साली इथं संग्रहालयाची इमारत उभी राहिली, मग शेजारी चित्रदालन आलं. 1906 साली राज्यभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण लागू करणाऱ्या राजानं आपला संग्रह लोकांच्या फिरण्याच्या वाटेवर आणून ठेवला, हे विसरून चालणार नाही.

आज रविवारी संध्याकाळी काय दिसतं? फुलांच्या घड्याळापुढं फोटो, झुकझुक गाडीसाठी पोरांचा हट्ट, हिरवळीवर उघडलेले डबे. दांडिया बाजार, रावपुऱ्यातली मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या अशीच इथं येत आली आहेत. ऊन उतरल्यावर, म्हणजे पाचनंतर. आणि संग्रहालय बंद होतं नेमकं पाचला.

बाग महापालिकेची, संग्रहालय राज्य सरकारचं. पण बागेत आलेल्या आईबापांना त्याचं काय? त्यांना दिसतं ते बंद दार.

त्या दाराआड इजिप्तची ममी आहे, अकोट्याला सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती आहेत. आणि देवमासा! 1944 साली महीच्या मुखाशी वाहून आलेल्या या देवमाशाचा सांगाडा सुमारे 22 मीटर लांब आहे. जबड्यापासून चालायला लागलं की शेपटीपर्यंत पोचायला लहान मुलाला पन्नासएक पावलं तरी टाकावी लागतात. पुस्तकातल्या चित्रातून हे माप कळत नाही. बरगड्यांखाली मान वर करून उभं राहावं लागतं.

उएनोतलं राष्ट्रीय संग्रहालय शुक्रवारी आणि शनिवारी रात्री आठपर्यंत उघडं असतं. बडोद्यात शनिवार-रविवार तरी तसं का होऊ नये? जादा पहारेकरी, दिव्यांची नीट सोय आणि दोन्ही कार्यालयांचा एक ठराव, एवढं जमवायला हवं. निदान येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर करून पाहावं. झुकझुक गाडीतून उतरलेली पोरं देवमाशाकडं नक्की धावतील.