दिवा विकण्याआधी

ठाण्याच्या एका वाचकाने फोटो पाठवला. तीन फुटी टाकी, खडकांची रचना सुबक, पाणी काचेसारखे. मधोमध एक लेदर, मुठीसारखे आवळून बसलेले. बाजूला चार मशरूम. आणली तेव्हा लालभडक होती म्हणे, आता धुवट गुलाबी, आणि त्यातले एक खडक सोडून वाळूत पडलेले. खाली प्रश्न होता : ‘लाइट कमी पडतोय का? अजून एक युनिट बसवू?’ वर टांगलेला दिवा शंभर टक्क्यांवर होता.

दुसरे युनिट त्याला कोणी सुचवले हे त्याने लिहिले नाही, मीही विचारले नाही. पण हे संपादकीय त्याच्यासाठी नाही. दिवे विकणारे, टाक्या बसवून देणारे, महिन्याच्या कराराने देखभाल करणारे जे आपण आहोत, त्यांच्यासाठी आहे. पहिल्या रीफ टाकीचा दिवा गिऱ्हाईक निवडते हा निव्वळ भ्रम आहे. तो आपण निवडतो. आणि आपण तो जवळपास नेहमीच गरजेपेक्षा मोठा निवडतो.

ही सवय लागली ती परदेशी टाक्यांचे फोटो पाहून. त्या फोटोंत ॲक्रोपोरा असते : फांद्याफांद्यांचे, टोकांना जांभळे-निळे, उजेडाला हपापलेले. तिकडचा मुरलेला हौशी माणूस आपल्या टाकीत पार ३०० आहे की ३५० यावर रात्रभर वाद घालतो, कारण उजेड कमी पडला की त्याचे ॲक्रोपोरा तपकिरी होते. त्याची गरज खरी आहे. पण त्या गरजेसाठी घडवलेला दिवा आपण मागवतो आणि आयुष्यात पहिल्यांदा बादलीत मीठ कालवणाऱ्या माणसाच्या टाकीवर टांगतो. त्या टाकीत ॲक्रोपोरा नसते, आणि कायद्याने असूही नये.

कायद्याचे बोलायला आपल्या धंद्यात कुणाला आवडत नाही, म्हणून इथेच बोलून टाकतो. २००१ साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारी सगळी स्क्लेरॅक्टिनिया प्रवाळे घातली गेली. त्यांच्यासोबत काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे. वाघ ज्या अनुसूचीत, तीच ही अनुसूची. आपण ज्यांना एसपीएस म्हणतो ती स्क्लेरॅक्टिनिया, आणि ज्यांना एलपीएस म्हणतो ती हॅमर, टॉर्च, ब्रेन हीसुद्धा स्क्लेरॅक्टिनियाच. ‘बाहेरचा माल आहे’ हे वाक्य काउंटरवर चालते. वनखात्याच्या माणसापुढे कागद लागतो. २०२२च्या दुरुस्तीने अनुसूच्यांची मांडणी नव्याने झाली आणि ती १ एप्रिल २०२३पासून लागू आहे. तिची एक प्रत गल्ल्याजवळ ठेवायला हरकत नाही. कठीण प्रवाळांच्या जाहिराती हे मासिक घेत नाही, हे जुन्या जाहिरातदारांना ठाऊक आहेच. काहींनी त्यावरून आमच्याशी अबोलाही धरला आहे.

२००१च्या त्या यादीत लेदर, मशरूम आणि झोआ ही नावे नव्हती. म्हणजे नवख्या माणसाच्या टाकीत सरळ मार्गाने जे येऊ शकते ते हेच, आणि तेही बिल आणि आयातीचे कागद पाहून. योगायोग असा की जे येऊ शकते, त्याचे भागायला उजेड थोडाच लागतो. मशरूमला ५०च्या आसपास पार पुरतो. १००च्या वर गेले की त्यातली बरीच आक्रसतात आणि सावली शोधू लागतात. झोआ आणि लेदर १०० ते १५०मध्ये सुखात असतात. ठाण्याच्या त्या टाकीत मशरूमच्या डोक्यावर किती पडत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

पार म्हणजे काय ते वाचकांना नव्याने सांगायला नको : ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारे फोटॉन, दर चौरस मीटरवर दर सेकंदाला किती मायक्रोमोल पडतात त्याचा आकडा. प्रवाळाच्या पेशींत राहणारी झूझँथेली ही एकपेशी शेवाळे याच उजेडावर जेवण रांधतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. गिऱ्हाइकाला समजवायचे तर मी विहिरीवरचा पंप आठवायला सांगतो. वॉट म्हणजे पंपाने खाल्लेली वीज. शेताच्या टोकाच्या वाफ्यात पाणी किती पोहोचले, तो पार. पंप किती अश्वशक्तीचा आहे हे ऐकून कोणी वाफा भिजला असे म्हणत नाही.

वॉटच्या आकड्याचीही एक कथाच आहे. बाजारात सगळ्यात जास्त खपणारा तो काळा डबा घ्या, दोन डिमरचा. त्यावर १६५ वॉट लिहिलेले असते, कारण आत ३ वॉटचे ५५ एलईडी असतात आणि कुणीतरी गुणाकार केलेला असतो. प्लगला मीटर लावून पाहा, प्रत्यक्षात तो त्याहून बराच कमी ओढतो. दिवा वाईट नाही, खोटा आहे तो आकडा. शिवाय भिंगे अरुंद असली तर सगळा उजेड मधोमध ओतला जातो. माझ्या घरच्या तीन फुटी टाकीवर एकच असा डबा नऊ इंचांवर टांगून मी मोजले, तेव्हा बरोबर खालच्या खडकाच्या माथ्यावर ३१० आणि कोपऱ्यातल्या वाळूवर ४० आले. सरासरी काढली तर टाकी छान. पण प्रवाळ काही सरासरीवर बसत नाही, ते खडकाच्या माथ्यावर बसते, कारण तिथे ते गिऱ्हाइकाला चांगले दिसते.

यावर उपाय स्वस्त आहे : दिवा वर उचला. बारा-चौदा इंचांवर नेला की मधला आकडा उतरतो, कडेचा थोडा चढतो आणि पसारा सारखा होतो. अठरा इंच खोलीच्या टाकीत पाणी स्वतः फारसा उजेड खात नाही. उजेड कमी होतो तो मुख्यतः पसरल्यामुळे. म्हणूनच टी-५ ट्यूबांची टाकी इतकी सारखी उजळायची. मला त्या ट्यूबांची आजही आठवण येते. पण दर वर्षी त्या बदलाव्या लागायच्या, आणि २०२३पासून युरोपात साधारण वापराच्या टी-५ बाजारात आणणेच बंद झाले आहे. चांगल्या ट्यूब शोधत फिरणे हा नवख्याच्या छंदाचा भाग करू नये. मेटल हलाइडबद्दल तर आता बोलायलाच नको : २५० वॉटचा एक दिवा रोज नऊ तास म्हणजे महिन्याला ६७ युनिट, आणि मे महिन्यात त्याने तापवलेले पाणी थंड करायला चिलर वेगळा. तेवढ्याच वेळात ८० वॉटचा एलईडी २२ युनिटांच्या आत राहतो. महावितरणच्या बिलात १०० युनिटांचा टप्पा ओलांडला की काय होते, ते घरातली मंडळी आपल्या आधी ओळखतात.

आता निळ्या रंगाचे. निळा एलईडी हा सगळ्यांत हट्टी निघाला. लाल एलईडी १९६२मध्ये आला. भरपूर उजेड देणारा निळा शुजी नाकामुरा यांनी निचिया कंपनीत १९९३मध्ये करून दाखवला, आणि त्या कामासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४चे नोबेल मिळाले. आपल्या छंदाला नेमका तोच रंग हवा होता. समुद्रात लाल पहिल्या काही मीटरांतच संपतो, निळा खोलवर जातो, आणि झूझँथेलींची रंगद्रव्ये ४३० ते ४८० नॅनोमीटरच्या पट्ट्यात चांगली भूक दाखवतात. इथवर सगळे ठीक.

पण निळ्याचा दुसरा उपयोग दुकानदाराला जास्त कळतो. निळ्या-जांभळ्या उजेडात प्रवाळातली प्रतिदीप्त प्रथिने पेटतात. हिरवे, नारिंगी, लाल. ज्या लाल प्रथिनाने जीवशास्त्राच्या प्रयोगशाळा उजळल्या, ते डीएसरेड १९९९मध्ये आपल्या नेहमीच्या डिस्कोसोमा मशरूमच्याच कुळातून मिळाले. हे सौंदर्य खरे आहे, त्यात फसवणूक नाही. फसवणूक होते ती दुकानातली टाकी फक्त निळ्यात ठेवून झोआ विकले आणि घरी पांढऱ्यात ते मळकट निघाले तेव्हा. मग गिऱ्हाईक फोन करते, आपण म्हणतो ‘लाइट कमी असेल’, आणि एक दिवा आणखी खपतो. विकण्याआधी दोन मिनिटे पांढरा चॅनल चालू करून दाखवा. एखादा सौदा तुटेल. तो तसाही तुटणारच होता, फक्त महिन्याभराने आणि आरडाओरडा होऊन.

निळ्याचा तिसरा घोटाळा मोजमापात होतो. मोबाइलवरचे लक्स ॲप माणसाच्या डोळ्यासारखे बघते, आणि डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट पिवळ्याला सगळ्यांत जास्त भाव देतो. ४५० नॅनोमीटरचा निळा त्याला मंद वाटतो. म्हणून मालकाला टाकी अंधारी दिसते तेव्हा प्रवाळ उन्हात भाजत असू शकते. पांढरा चॅनल वाढवा म्हणणाऱ्या आजोबांचे काही चुकत नाही, त्यांना टाकी बघायची असते. अशा वेळी पांढरा वाढवून निळा तेवढा उतरवावा. दोन्ही वाढवू नयेत.

उजेड किती, याइतकाच किती वेळ हाही प्रश्न आहे, आणि तो आपण विचारतच नाही. समुद्रावर भर दुपारी लख्ख उन्हात पार २०००च्या घरात असतो, हे ऐकून लोक म्हणतात, मग ३०० म्हणजे काय? पण ते २००० पाण्याच्या वर आणि दुपारच्या तासा-दोन तासांपुरते. आपला दिवा मात्र सकाळी जो चढतो तो रात्रीपर्यंत तिथेच ठाण मांडतो. हिशेब करून पाहा. १००चा उजेड १० तास म्हणजे दिवसाला ३.६ मोल. ३००चा उजेड १२ तास म्हणजे जवळजवळ १३ मोल. आकडा तिप्पट दिसतो, खुराक साडेतीनपटीहून जास्त असतो. पाहुणे येणार म्हणून दिवा अकरापर्यंत चालू ठेवला, तर त्या दिवसाचे आणखी वेगळे. टायमर हा पर्यायी भाग समजून विकू नका, दिव्यासोबत तो द्याच.

आणि कमी उजेडातही प्रवाळे राहतात, हे बघायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. मालवणच्या गढूळ पाण्यात टर्बिनेरिया आहे. उजेड कमी तिथे हे प्रवाळ ताटासारखे आडवे पसरते, जेवढा येईल तेवढा झेलायला. ते तिथेच बघायचे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७पासून आहे आणि ‘एक छोटा तुकडा आणून द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला दारातूनच परत पाठवायचे. पण प्राणी उजेडाशी जुळवून घेतो, ही गोष्ट तिथून शिकण्यासारखी आहे. जुळवून घ्यायला त्याला आठवडे लागतात, आणि ते आठवडे देणे आपल्या हातात असते. दिवा ३० टक्क्यांवर बसवा, दर आठवड्याला पाच टक्के चढवा, आणि मशरूम आक्रसले की मागे या. उजेड कमी पडला तर प्रवाळ तपकिरी होते, झोआचे देठ लांबतात. हे हळूहळू घडते आणि सुधारता येते. जास्त पडला तर झूझँथेली बाहेर टाकल्या जातात आणि दहा दिवसांत पांढरा सांगावा येतो.

नव्या टाकीला तर पहिले चार ते सहा आठवडे उजेडच नको. सायकल पुरी करणाऱ्या जिवाणूंना दिवा लागत नाही, केसाळ शेवाळाला लागतो. गिऱ्हाइकाला काळोखी टाकी देऊन पैसे घ्यायला आपल्याला अवघडल्यासारखे होते, म्हणून आपण दिवा लावून देतो, आणि मग शेवाळ काढायला पुन्हा जातो. निमोची जोडी सोडली असेल तर खोलीतला उजेड तिला पुरतो, आणि तिला ॲनिमोन लागतेच असेही नाही.

उरला मीटर. पार मीटर महाग आहे आणि एका टाकीसाठी तो घेणे वेडेपणाचे. पण एका गावातल्या चार दुकानांनी मिळून एक घेतला, आणि दिव्यासोबत ‘घरी येऊन एकदा मोजून देऊ’ असे सांगितले, तर? जुन्या बनावटीचे सेन्सर निळा कमी दाखवतात, तेवढे बघून घ्यावे, आणि पाण्यात मोजताना उत्पादकाने दिलेला गुणक लावावा.

आमच्या कार्यालयात एक मीटर आहे. अनामत ठेवून तीन दिवसांसाठी न्या. मात्र परत करताना आकडे लिहून द्या, पुढच्या अंकांत आम्ही ते छापू : टाकीची लांबी, रुंदी, खोली, दिव्याची पाण्यापासूनची उंची, प्रत्येक चॅनल किती टक्क्यांवर, खडकाच्या माथ्यावर, मध्यावर आणि वाळूवर किती. दिव्याचे नाव शेवटच्या रकान्यात लिहिले तरी चालेल. ठाण्याच्या वाचकाने दिवा ३५ टक्क्यांवर आणला आहे. त्याचा कागद पहिला येईल.