शॉर्टकट माझे, मर्जी कोणाची?

चारशे पानी पीडीएफ वाचताना दर वेळी कीबोर्डवरून हात उचलून माउस शोधायचा, याला लोक 'सोपं' म्हणतात! ऑक्युलरमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन हव्या त्या कमांडला हवी ती की देता येते. झथुरात तर कॉन्फिग फाइलीत 'मॅप'ची एक ओळ लिहिली की झालं. ॲक्रोबॅट रीडरमध्ये मात्र पान फिरवायला कंट्रोल, शिफ्ट आणि प्लस, ते मुकाट दाबायचं.

"बदलायचे कशाला, पाठ करा की!" म्हणे. अहो, एकाच हाताने काम करणाऱ्याला तीन बोटांचा शॉर्टकट पाठ असून काय उपयोग? की बदलता येणं ही गीकांची चैन नाही, गरज आहे. वाचणारा मी, बोटं माझी, मग की दुसऱ्याने का ठरवायची?