फोटो टाकायचा मुहूर्त

बालमित्रांनो,

मागच्या दिवाळीतली गंमत सांगते. नववीतल्या माझ्या भाचीनं चार दिवस खपून अंगणात राजगड केला. तीन माच्या, वर बालेकिल्ला, अळिवाची हिरवळ, अगदी झकास! रात्री साडेअकराला तिनं फोटो काढून आईच्या इन्स्टाग्रामवर टाकला आणि एक वाजेपर्यंत फोनकडे टक लावून बसली. लाइक आले तीन. सकाळी बाईसाहेब फुरंगटून म्हणाल्या, "मावशी, किल्ला काही चांगला झाला नाही. मोडूनच टाकते!"

"अगं, पण साडेअकराला तुझी आत्या, मामा, मैत्रिणी काय करत होते?"

"झोपले असतील."

"मग त्यांनी लाइक काय स्वप्नात द्यायचा?"

त्याचं असं आहे बरं का. पूर्वी इन्स्टाग्रामवर सगळ्यात नवा फोटो सगळ्यात वर दिसायचा. सगळे झोपलेले असताना टाकलेला फोटो सकाळपर्यंत ढिगाखाली जायचा. २०१६ मध्ये ही पद्धत बदलली. आता कोणाला काय आवडेल याचा अंदाज बांधून यंत्रच क्रम लावतं. पण फोटो ताजा आहे की शिळा, हेही ते बघतं. म्हणून आपली माणसं जागी आणि मोकळी असतील, ती वेळ बरी.

"पण इथं तर लिहिलंय, बुधवारी सकाळी अकरा!" भाचीनं फोनवरचा एक लेख दाखवला.

"अकरा कुठले? न्यूयॉर्कचे? तिथं सकाळचे अकरा म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि उन्हाळ्यात साडेआठ. आणि आपले अकरा म्हणशील, तर शाळेच्या दिवसांत तेव्हा तुम्ही सगळ्या वर्गात!" असले आकडे म्हणजे पुष्कळ खात्यांची सरासरी. माल विकणाऱ्यांना त्यांचा उपयोग. तुमच्या आत्याला कधी सवड असते, ते त्यात कुठून कळणार?

एक वेळ मात्र अगदी वाईट. गावाला गेल्यावर तिथूनच फोटो टाकण्याची. आपल्या घराला कुलूप आहे, ही दवंडी कशाला पिटायची? सहलीचे फोटो घरी परतल्यावरच टाकावेत. आणि १३ वर्षांच्या आतल्या मुलांना स्वतःचं खातं उघडायची परवानगीच नाही, हेही ध्यानात ठेवा.

तर किल्ला वाचला. त्या दिवशी संध्याकाळी सातला भाचीनं बालेकिल्ल्यावर पणती ठेवली, नवा फोटो टाकला, फोन आईच्या हातात दिला आणि शेजारच्या पोरांना बोलवायला पळाली. लाइक किती आले, कोण जाणे! पोरं मात्र सतरा आली होती. मी मोजली ना!

या आठवड्यात एक करून बघा. घरातलं आणि नात्यातलं कोण कधी मोकळं असतं, ते वहीत लिहून काढा. फोटो टाकायला ती वेळ उत्तम. आणि गप्पा मारायला तर त्याहून उत्तम!

तुमची,
मावशी