धोरण शिकायला कोणी जायचे?

गेल्या वर्षी गटाच्या मासिक बैठकीत मी सांगितले की, सार्वजनिक धोरण या विषयाच्या एम.ए.ला मला प्रवेश मिळाला आहे. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, तोही दुसऱ्या शहरात. थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही. मग आमच्या ज्येष्ठ ताई म्हणाल्या, "एम.एस.डब्ल्यू. झालंय ना तुझं? मग आता हे कशाला? तिकडचीच होऊन जाशील." माझ्यासारखीच पस्तिशीतली दुसरी एक कार्यकर्ती नंतर चहा घेताना हळूच म्हणाली, "फॉर्म कुठे मिळतो ते मलाही सांग."

पहिले वर्ष आता पार पडले आहे. हाच प्रश्न इतर गटांतूनही विचारला जातो, म्हणून माझे मत मांडते आहे.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्यात कौटुंबिक सल्ला केंद्रात बारा वर्षे काम केले. पोटगी, मारहाण हे विषय तर असतातच; पण नवऱ्याने टाकलेली बाई आमच्याकडे आली की पुष्कळदा तिचा पहिला प्रश्न रेशनकार्डाचा असतो. भावाच्या कार्डात नाव घालायचे किंवा स्वतःचे वेगळे कार्ड काढायचे, तर आधी सासरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणा असे सांगतात. त्यासाठी सासरचे कार्ड मागतात. ते ज्याच्या हातात आहे तो कशाला देईल?

२०१९ साली अशी एक बाई आली. तिला घराबाहेर काढून पाच वर्षे झाली होती. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळते. ही बाई माहेरी भावजयीची बोलणी ऐकत होती आणि तिच्या नावचे पाच किलो नवरा उचलत होता. सात खेपा घातल्या, निवेदने दिली, खिडकीपुढे ठिय्या दिला, तेव्हा कुठे नाव कमी झाले. नवे कार्डही निघाले. मग पुरवठा शाखेतला कारकून म्हणाला, "कार्ड घ्या, पण धान्य मिळणार नाही. इष्टांक संपलाय."

रेशनवर काम करणाऱ्या प्रत्येकीने हा शब्द ऐकलेला असेल. किती माणसांचे धान्य मंजूर आहे, तो आकडा म्हणजे इष्टांक. मला तो कारकुनाचा बहाणा वाटला. आम्ही त्याच्या कचेरीवर मोर्चा नेला, त्याच्या नावाने घोषणा दिल्या.

धोरणाच्या वर्गात पहिल्याच सत्रात आम्हाला २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा कलमवार वाचायला लावला. ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी लोकसंख्येच्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना धान्याचा हक्क. कोणत्या राज्यात किती लोक, ते २०११ च्या जनगणनेवरून ठरले. महाराष्ट्राच्या वाट्याला आली सुमारे ७ कोटी माणसे. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही आणि आकडा तिथेच गोठला. म्हणजे नव्याने जन्मलेल्या पोराला किंवा नव्याने वेगळ्या झालेल्या बाईला आत घ्यायचे, तर आधी कोणाचे तरी नाव जायला हवे. कारकून खरे बोलत होता. आमचा मोर्चा चुकीच्या दारावर गेला होता.

ते वाचताना मला लाज वाटली. कायद्याची पुस्तिका आमच्या केंद्राच्या कपाटात होती. त्यातले एकच कलम आम्ही शिबिरांतून सांगत असू: घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री ही कार्डापुरती कुटुंबप्रमुख. टाळ्या पडत. पण 'कुटुंब' कशाला म्हणायचे, ते कोण ठरवते, आणि कुटुंबातून हाकललेली बाई त्या व्याख्येत कुठे बसते, हे आम्ही विचारले नाही. एम.एस.डब्ल्यू.ला आम्हाला व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन शिकवले. ते सारे उपयोगी पडले, आजही पडते. धोरणाचाही एक पेपर होता. त्यात पंचवार्षिक योजनांची यादी पाठ केली आणि परीक्षेनंतर विसरले.

अर्थसंकल्प वाचायलाही मी इथेच शिकले. केंद्राच्या अर्थसंकल्पासोबत २००५-०६ पासून स्त्रियांसाठीच्या खर्चाचे वेगळे विवरण दिले जाते. त्याच्या पहिल्या भागात संपूर्णपणे स्त्रियांसाठीच्या योजना असतात, असे मानायचे. ग्रामीण घरकुलाचा भलामोठा खर्च बरीच वर्षे त्याच भागात दाखवला गेला. घर नवरा-बायकोच्या जोडनावावर असले तरी त्याचा सगळा पैसा बाईच्या खात्यात मांडला. टाकलेल्या बाईला त्या घरात पाऊलही ठेवता येत नाही, हे विवरणात दिसणार कुठून?

हे झाले शिकल्याचे. आता दुसरी बाजू. फी एवढी की, माझ्या तीन वर्षांच्या मानधनात ती भागली नसती. शिकवणे सगळे इंग्रजीत. सुरुवातीचे दोन महिने मी वर्गात तोंड उघडले नाही. बारा वर्षे तहसीलदाराशी भांडलेली बाई मी! वर्गातले बहुतेक जण पंचविशीच्या आतले, बरेचसे इंजिनियर, आणि पुढे सल्लागार कंपनीत जायचे हे ठरवून आलेले. एकदा मी त्या पाच किलोंची गोष्ट सांगितली. प्राध्यापक सौजन्याने म्हणाले की हा एक किस्सा झाला, पुरावा नव्हे. घरी जाऊन रडले. मग विचार केला: पुरावा कसा असेल? नाव कमी करून द्यायला नकार दिलेल्या बायकांची नोंद आमच्या तहसिलीत कोणी ठेवतच नव्हते. जे मोजले जात नाही ते किस्सा ठरते. आणि काय मोजायचे हे ठरवणाऱ्या टेबलाशी आपल्यातली कोणी बसलेली नसते.

मायकेल लिप्स्की या अमेरिकन अभ्यासकाचे १९८० सालचे पुस्तक आम्हाला अभ्यासाला आहे. खिडकीवरचा कर्मचारी रोज जे निर्णय घेतो, तेच लोकांच्या वाट्याला येणारे धोरण असते, असे तो सांगतो. वर्गातल्या मुलांना ते फार नवे वाटले. आमच्या केंद्रातल्या मावशींना विचारले असते तर त्यांनी हवालदारापासून तलाठ्यापर्यंत उदाहरणे दिली असती.

ताईंचा आक्षेप मी हलका मानत नाही. पदवीवाचून आपले काही अडले होते का, असे त्या विचारतात. १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, त्या कोणत्या वर्गात शिकल्या होत्या? दुष्काळात काम मागणाऱ्यांच्या रेट्यामुळे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. टाकलेल्या बायकांचा प्रश्न संगमनेरच्या कार्यकर्त्यांनी १९८० च्या दशकात ऐरणीवर आणला. २२ जून १९९४ रोजी राज्याचे पहिले महिला धोरण जाहीर झाले, त्यामागे चळवळीची वीस वर्षे होती. हे सगळे खरे आहे.

पण १९९४ नंतर २००१, २०१४ आणि २०२४ अशी आणखी तीन धोरणे आली. त्यांतल्या किती ओळींपुढे खर्चाचा आकडा आहे, हे आपल्यापैकी किती गटांनी तपासले? मंत्रालयात आता सल्लागार कंपन्यांची माणसे बसून मसुदे लिहितात. आपण मसुदा बाहेर आल्यावर निषेधाचे पत्रक काढतो. मोर्चा हवाच. तो कोणत्या आकड्यावर न्यायचा, एवढे तरी आपल्याला कळायला हवे.

म्हणून माझे मत असे की जावे. पण एकटीने, स्वतःच्या बढतीसाठी जाऊ नये. गटाने ठरवून पाठवावे. आमच्या गटाने तीन बैठका भांडून हे ठरवले: अर्धे मानधन चालू राहील, प्रत्येक सुट्टीत मी शासन निर्णय आणि अर्थसंकल्प वाचण्याचे शिबिर घेईन, आणि परतल्यावर निदान तीन वर्षे इथेच काम करीन. तिसऱ्या अटीवर मी कुरकुरले होते, हेही कबूल करते. उरलेल्या फीसाठी कर्ज काढले आहे. असा जुगार सगळ्याजणी खेळू शकणार नाहीत. आपल्या सरकारी विद्यापीठांत हा विषय मराठीतून, नोकरी सांभाळून शिकता यावा, अशी मागणी आपण एकत्र करायला हवी. चहा घेताना फॉर्म विचारणारी माझी मैत्रीण दोन लेकरांची आई आहे. ती परगावी जाऊ शकत नाही.

या वर्षी मला प्रबंध लिहायचा आहे. विषय तोच घेतला आहे: सासरच्या कार्डातून नाव कमी न झालेल्या बायका. तुमच्या तालुक्यात असे अर्ज पडून असतील किंवा फेटाळले गेले असतील, तर त्यांच्या प्रती मासिकाकडे पाठवा. तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. अर्जावर पोच, तारीख आणि नकाराचा शेरा घ्या. बाईचे नाव आणि गाव खोडा, तालुका मात्र राहू द्या.