परवाना आणि पारख

अमेरिकेत प्रॅक्टिकल नर्सला परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते. एप्रिल २०२३ पासून तिच्यात रुग्णाची हकीगत देऊन विचारतात : यातली कोणती लक्षणे महत्त्वाची? आधी काय कराल? इथे घोकंपट्टी पुरत नाही. शस्त्रक्रियेनंतर नाडी जलद, रक्तदाब उतरलेला, कातडी गार व ओलसर. ही लक्षणे पुस्तकात असतातच. पण ती एकत्र दिसताच आत रक्तस्राव होत असेल हे ताडून डॉक्टरांना तातडीने बोलावणे, ही खरी विद्या.

आपल्याकडेही अशीच कसोटी हवी. शिवाय या सीमाभागात रुग्ण आपले दुखणे कधी मराठीत सांगतो, कधी कन्नडमध्ये. त्याचे बोलणेच कळले नाही, तर लक्षण हातचे निसटते. तेव्हा परिचारिकेची पारख रुग्णाच्या भाषेतही व्हावी.