शिकारी समजून गोळी घातली तर गुन्हा नाही म्हणे!



मे २०१२ मध्ये तेव्हाचे वनमंत्री पतंगराव कदम यांनी जाहीर केलं की जंगलात शिकाऱ्यावर वनकर्मचाऱ्यानं गोळी झाडली, तो जखमी झाला किंवा मेला, तरी कर्मचाऱ्यावर गुन्हा लागणार नाही. चंद्रपूर जिल्ह्यात तुकडे केलेला वाघ सापडला होता. ताडोबाच्या बाजूला वाघ सापळ्यात अडकले होते. पेपरात बोंब झाली, सरकारला काहीतरी करून दाखवायचं होतं. आसामात २०१० साली असंच झालं, मग आपल्याकडे.

वाघ मारणारा आमचा कोणी सगासोयरा नाही. कातडी-हाडांचे पैसे खाणारे व्यापारी दूरच्या शहरात बसले आहेत, त्यांना पकडा, आम्ही साक्ष द्यायला येतो. पण ते व्यापारी काही पहाटे जंगलात फिरत नसतात. पहाटे कोण असते? मोहफुलं वेचणारी बाई. तेंदूपत्त्याच्या हंगामात ऊन चढायच्या आत पत्ता तोडून फळीवर न्यायचा म्हणून अंधारातच निघालेलं अख्खं घर. हातात टॉर्च, कमरेला कोयता नाहीतर खांद्यावर कुऱ्हाड. पन्नास पावलांवरून नाकेदाराला त्यात शिकारी कोणता आणि पत्तेवाला कोणता हे कसं कळणार? आणि गोळी लागल्यावर “सायेब, मी पत्ता तोडून राह्यलो होतो” हे सांगायला कोण उरणार?

आता कायदा काय म्हणतो ते नीट ऐका, कारण हे गावात कोणी सांगत नाही. स्वतःचा जीव वाचवायचा हक्क २०२४ पर्यंत भारतीय दंडविधानाच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. तो वर्दीवाल्याला आहे आणि लंगोटीवाल्यालाही आहे, एकसारखाच. कोणी तुमच्यावर बंदूक रोखली, कुऱ्हाड घेऊन धावून आला, आपण मरू किंवा हातपाय जातील अशी खरी भीती वाटली, बलात्कार करायला किंवा पळवून न्यायला आला, तर तेव्हाच्या कलम १०० प्रमाणे समोरच्याचा जीव गेला तरी तो गुन्हा होत नव्हता. कोर्टंही मान्य करतात की अंगावर मरण आलेल्या माणसाला घाव तराजूत तोलून घालता येत नाही. मात्र धोका असेल तोवरच हा हक्क. धोका संपला, हक्क संपला. आणि गरजेपेक्षा जास्त मार द्यायचा नाही, हे तेव्हाचं कलम ९९ सांगत होतं. पळणाऱ्याच्या पाठीत घातलेली गोळी स्वसंरक्षण होत नाही. हात वर केलेल्याला मारणंही नाही.

मालमत्तेसाठी जीव घ्यायची मुभा तर फारच थोडी होती, तेव्हाचं कलम १०३. जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग, किंवा चोरी करताना चोरापासून मरणाची नाहीतर जबर दुखापतीची भीती. सागाचा लठ्ठा घेऊन पळणारा त्यात बसत नाही. सांबर मारून पळणाराही बसत नाही.

मग नाकेदारावर शिकारी उलटला तर? तर त्याला कलम १०० आधीच होतं! मंत्र्यांनी वेगळं काय दिलं? स्वसंरक्षणासाठी गोळी घालायला त्यांच्या घोषणेची गरजच नव्हती. गरज आहे ती स्वसंरक्षण नसताना घातलेल्या गोळीला.

अजून एक हिशेब पहा. वन्यजीव कायद्यात वाघाच्या शिकारीला पहिल्या गुन्ह्यात जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आहे. आणि फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६ २०२४ पर्यंत म्हणत होतं की ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्यातल्या आरोपीला पकडताना त्याचा जीव घ्यायचा अधिकार कोणाला नाही. म्हणजे न्यायाधीश सगळे पुरावे पाहूनसुद्धा ज्याला फाशी देऊ शकत नाही, त्याला नाकेदारानं अंधारात, पुराव्याशिवाय, जागीच द्यायची. हे दोन्ही कायदे दिल्लीचे आहेत, मुंबईत माईकवर बोलून बदलत नाहीत.

नाकेदाराशी आमचं वैर नाही. वनमजूर तर पुष्कळदा आपल्याच गावचा पोरगा असतो, त्याच्या हातात बंदूक देऊन “बिनधास्त चालव” म्हणणारा साहेब नागपूरच्या ऑफिसात बसतो. उद्या कोर्टात हा पोरगा एकटा उभा राहील. आपण जीव वाचवायला गोळी घातली हे शाबीत करायची जबाबदारी तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम १०५ प्रमाणे त्याच्यावरच होती. २००९ साली आंध्रच्या हायकोर्टानं चकमकीत माणूस मेला की गुन्हा नोंदवलाच पाहिजे आणि स्वसंरक्षण खटल्यात सिद्ध करा असं सांगितलं. त्याला सुप्रीम कोर्टात स्थगिती मिळाली होती, पण कलम १०५ तेव्हा कुठं गेलेलं नव्हतं. गुन्हाच नोंदवला नाही तर शाबीत कोण, कुठं करणार? नागपुरात २३ नोव्हेंबर १९९४ ला ११४ गोवारी मेले, बहुतेक बायका-पोरं. एकाही अधिकाऱ्याला शिक्षा झाली नाही. तेव्हा तर अशी घोषणाही नव्हती.

आता आपल्या बाजूचं. काही तरुण म्हणतात, त्यांच्याकडे बंदूक तर आमच्याकडे कुऱ्हाड. भावांनो, थांबा. सरकारी माणूस आपलं काम समजून अतिक्रमण काढायला आला, झोपडी मोडायला लागला, तर ते चूक असलं तरी त्याच्यावर घाव घालायचा हक्क तेव्हाचं कलम ९९ देत नव्हतं, जोवर त्याच्यापासून मरणाची किंवा जबर दुखापतीची खरी भीती नाही. झोपडीसाठी वनहक्क कायद्याचं कलम ४(५) आहे: दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत हटवता येत नाही. तो कागद पुढे करा. नाकेदाराचं एक डोकं फुटलं तर अख्ख्या गावावर केस होते आणि दावे बाजूला राहतात. पण बाईच्या अंगावर हात टाकणारा वर्दीत असला तरी तो ड्युटीवर नसतो. तिथं तेव्हाचं कलम १०० तिचं होतं.

आणि वाघच अंगावर आला तर? वन्यजीव कायद्याचं कलम ११(२): स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवायला प्रामाणिकपणे जनावर मारलं तर गुन्हा नाही, फक्त तेव्हा तुम्ही त्याच कायद्याचा गुन्हा करत नसावं. मेलेलं जनावर सरकारचं, त्याला हात लावायचा नाही. वाघाच्या बाबतीत कायद्यानं अटी घातल्या, चौकशी ठेवली. माणसाच्या बाबतीत मंत्री चौकशीच नको म्हणाले!

गोळीबार झालाच तर प्रेत हलवू देऊ नका. पंचनाम्याला गावचे पंच हवे. कोणत्या हातात, कुठल्या अंगाला जखम आहे, पुढून की पाठीतून, ते पहा आणि लिहून ठेवा. फिर्याद पोलीस ठाण्यात द्यायची, फॉरेस्टच्या नाक्यावर नाही, आणि तिची नक्कल फुकट मिळते, मागून घ्या. ठाण्यात घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठवा.

त्याआधी येत्या ग्रामसभेत ठराव घ्या. वनहक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे जंगल आणि जनावर राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. मेंढा-लेखानं २००९ साली सामूहिक हक्क मिळवून दाखवला. ठरावात लिहा: आमच्या हद्दीत शिकार आम्ही होऊ देणार नाही, मोहफूल-पत्त्याच्या दिवसात गस्तीवाल्यानं आवाज दिल्याशिवाय बंदूक उचलू नये, आणि गोळीनं माणूस मेला तर गुन्हा नोंदवावाच. एक प्रत कलेक्टरला, एक नागपूरच्या वन मुख्यालयाला, एक आपल्या ऑफिसला. पोचपावतीवर शिक्का घ्यायला विसरू नका.