अँड्रॉइडमध्ये एक्सएमएल मागे पडतंय, पण ॲपमधल्या मराठीचं काय?

फोनची भाषा मराठी केली तरी एखाद्या ॲपमध्ये अर्धी बटणं मराठीत आणि अर्धी इंग्रजीत दिसतात, हे तुम्ही पाहिलं असेलच. याचं कारण बरेचदा त्या ॲपची स्क्रीन कशी लिहिली आहे, यात दडलेलं असतं. आणि स्क्रीन लिहिण्याची ही पद्धतच सध्या बदलतेय.

अँड्रॉइड २००८ मध्ये आलं तेव्हापासून स्क्रीनची मांडणी एक्सएमएल या मार्कअप भाषेत करण्याची पद्धत आहे. वेबपेजसाठी एचटीएमएल असतं तसंच हे. बटण कुठे, मजकूर कुठे, रुंदी किती हे टॅग्समध्ये सांगायचं. बटण दाबल्यावर काय होईल, ते मात्र जावा किंवा कॉटलिनमध्ये वेगळं लिहायचं. मायक्रोसॉफ्टनेही २००६ मध्ये विंडोजच्या प्रोग्रॅम्ससाठी झॅमल ही अशीच भाषा आणली होती.

अडचण अशी की मांडणी एका फाइलमध्ये आणि तिचं काम दुसऱ्या फाइलमध्ये. ॲप मोठं झालं की दोन्हींचा मेळ घालणं डोकेदुखी ठरतं. म्हणून गूगलने जुलै २०२१ मध्ये जेटपॅक कंपोजची १.० आवृत्ती आणली. यात स्क्रीनसुद्धा थेट कॉटलिनमध्येच लिहितात. ॲपलने स्विफ्टयूआयद्वारे हाच रस्ता २०१९ मध्ये धरला होता. एक्सएमएल बंद झालेलं नाही, पण नव्या ॲप्ससाठी गूगल कंपोजचीच शिफारस करतं.

मग मराठीचा संबंध कुठे येतो? ॲपमधले शब्द ठेवायला एक वेगळी एक्सएमएल फाइल असते आणि प्रत्येक भाषेसाठी तिची वेगळी प्रत बनवता येते. मराठी प्रतीत एखादा शब्द नसेल तर अँड्रॉइड मूळ प्रतीतला, म्हणजे बहुधा इंग्रजी शब्द दाखवतं. कंपोजमध्येही ही फाइल तशीच वापरता येते. पण सगळं कोडमध्येच लिहायची सवय लागली की घाईत शब्दही तिथेच टाकले जातात. असा शब्द भाषांतर करणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही आणि फोनची भाषा कोणतीही ठेवा, तो इंग्रजीतच राहतो.

तुम्ही ॲप बनवायला शिकत असाल तर कंपोजपासून सुरुवात करा. जुनी ॲप्स सांभाळायची वेळ येईल, त्यासाठी एक्सएमएल वाचता येईल इतकं शिकून ठेवा. शब्द मात्र त्यांच्या वेगळ्या फाइलमध्येच ठेवा. ॲप तयार झालं की फोन मराठीत करा, अक्षरं मोठी करा आणि एकेक स्क्रीन उघडून बघा. कुठे इंग्रजी उरलंय आणि कुठे वेलांटी कापली जातेय, ते लगेच कळेल.